डिस्चार्ज कार्डावर एक ओळ वाढवा

जिल्हा रुग्णालयं, ग्रामीण रुग्णालयं आणि तालुक्या-तालुक्यातल्या खासगी दवाखान्यांत काम करणाऱ्या डॉक्टरांना, सिस्टर-ब्रदरना आणि समुपदेशकांना,

सप्रेम नमस्कार.

माझ्या कपाटात तीन डिस्चार्ज कार्डं आहेत. कागद घड्यांवर फाटलेत, शाई फिकी झालीय, पण मी ती टाकली नाहीत. तिन्हींवरच्या तारखा वेगळ्या, औषधं वेगळी, अक्षरंही तीन वेगळ्या डॉक्टरांची. शेवटची ओळ मात्र तिन्हींवर एकच आहे: ‘दारू पूर्ण बंद करणे.’ एकावर तर त्या ओळीखाली दोन रेघा मारल्यात.

लिहिणाऱ्या तिघांचंही बरोबर होतं. माझं यकृत सुजलं होतं, डोळे पिवळे झाले होते, हाताला कप धरवत नव्हता. दारू बंद करायची हे मलाही मान्य होतं. पण रुग्णालयाच्या फाटकापासून एसटी स्टँडपर्यंतच्या रस्त्यावर दारूची चार दुकानं लागतात. त्या संध्याकाळी सात वाजता घरी बसून मी काय करायचं, कुणाकडे जायचं, कुणाशी बोलायचं, हे कार्डावर कुठेच नव्हतं. ते तिथं लिहिता येतं, आणि एका ओळीत लिहिता येतं. एवढंच मागायला हे पत्र लिहितोय.

पत्राखाली माझं नाव नाही. मी अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या, म्हणजे आम्ही म्हणतो त्या एएच्या, सभांना जातो; दारू सोडू बघणारी माणसं तिथं एकमेकांना आधार देतात. छापील मजकुरात किंवा इतर माध्यमांत आपली ओळख सांगायची नाही अशी आमची परंपरा आहे. एएच्या वतीनंही मी बोलत नाही. सांगली जिल्ह्यातला, साखर कारखान्यात फिटर म्हणून राबलेला एक संसारी माणूस बोलतोय असं समजा. नऊ वर्षांपूर्वी मी तुमच्याच एका खाटेवर पडलो होतो.

आधी आभार मानतो, कारण तुम्ही नसता तर हे लिहायला मी उरलो नसतो. दुसऱ्यांदा दाखल झालो ती गोष्ट. आईच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली आणि घरच्या घरी, कुणाला न विचारता, एका दिवसात बंद केली. बारा वर्षं रोज पिणारा मी. पहिल्या रात्री घामानं गादी भिजली. दुसऱ्या दिवशी अंगणात झटका आला. त्या रात्री भिंतीवर मुंग्या चढताना दिसायला लागल्या, आणि त्या झाडायला मी केरसुणी मागत होतो. घरच्यांना वाटलं बाहेरचं काही लागलंय. भगताकडे न्यायचं ठरत होतं. शेजारच्या पोरानं जीप काढली आणि तुमच्याकडे आणलं म्हणून वाचलो. रोज पिणाऱ्याची दारू एकाएकी तुटली की पहिल्या दोन दिवसांत झटके येऊ शकतात, पाठोपाठ भास आणि भ्रम होतो, आणि त्यात माणूस जाऊही शकतो, हे मला त्यानंतर कळलं. मार्च २०२० मध्ये टाळेबंदीत दुकानं एका रात्रीत बंद झाली, तेव्हा अशी किती माणसं तुमच्या दारात आली हे तुम्हीच पाहिलंय. म्हणून सभेत नवा माणूस आला की मी आधी विचारतो, डॉक्टरांना दाखवलंत का. सभा हा औषधाला पर्याय नाही, असं मी तिथंही म्हणतो आणि इथंही म्हणतो.

पण अंगातली दारू उतरायला पाच-सात दिवस पुरतात. ती पुन्हा न चढवता जगायला शिकणं त्या खाटेवर होत नाही. पहिल्या कार्डानंतर मी अकरा दिवस कोरडा राहिलो, दुसऱ्यानंतर तीन आठवडे.

दिल्लीच्या एम्सनं केंद्र सरकारसाठी केलेल्या देशभरच्या पाहणीचा अहवाल २०१९ साली आला. त्यात एक आकडा आहे. दारूवर अवलंबून असलेल्या ३८ माणसांमागे एकाला कसली ना कसली मदत मिळाली होती. रुग्णालयात दाखल होऊन उपचार मिळाले ते १८० मध्ये एकाला. आता तुमच्या वॉर्डातल्या कोपऱ्यातल्या खाटेकडे बघा. सलाईन लावलेला, बायकोची नजर चुकवणारा तो माणूस त्या १८० मधला एक आहे. बाकीचे १७९ जण तुमच्यापर्यंत पोचलेच नाहीत. हा पोचलाय, शुद्धीवर आहे, घाबरलेला आहे, ऐकायच्या मनःस्थितीत आहे. ही वेळ फार थोडी टिकते. मला आठवतंय, तिसऱ्या दिवशी भूक लागायला लागली की पुन्हा वाटायला लागतं, एवढं काही झालं नव्हतं.

आमच्या भागात दारू सोडायला माणसं माळ घालतात. मीही घातली. पंढरपूरला जाऊन, चंद्रभागेत अंघोळ करून, तुळशीची माळ घातली आणि चार महिन्यांनी एका लग्नाच्या वरातीत ती काढून खिशात ठेवली. पुढची कित्येक वर्षं मला वाटायचं, माझी भक्ती कमी पडली. माळ घालून सुटलेली माणसं माझ्या गावात आहेत, मी त्यांना रोज बघतो. मग त्यांचं का टिकलं? बऱ्याच उशिरा लक्षात आलं की ते संध्याकाळी देवळात भजनाला बसतात, एकादशीला कीर्तनाला जातात, आषाढीला दिंडीत चालतात. ते दोन दिवस दिसले नाहीत तर टाळकऱ्यांपैकी कुणीतरी घरी येऊन विचारतं, का रं, बरं नाही का. मी माळ गळ्यात घातली आणि भजनाला एकदाही बसलो नाही. माझी वाट बघणारं कुणी नव्हतं. सभेनं मला हेच दिलं: ठरलेला वार, ठरलेली वेळ आणि वाट बघणारी माणसं.

तिथवर मी कसा पोचलो ते जरा सविस्तर सांगतो, कारण तुमच्या कार्डावरची ओळ तिथेच कामाला येणार आहे.

तिसऱ्यांदा दाखल होतो तेव्हा वॉर्डात फरशी पुसणाऱ्या मावशी होत्या. डिस्चार्जच्या आदल्या रात्री त्यांनी माझ्या बायकोला पॅसेजमध्ये गाठलं आणि म्हणाल्या, “मालकास्नी शाळेत धाडा की. बुधवारी आन् शनवारी, सातला बसत्यात. आमचं मालक जात्यात.” बस्स. तीन वेळा दाखल झालो, किती डॉक्टरांनी तपासलं, पण पत्ता मिळाला तो मावशींकडून, तोही त्यांच्या घरात हे घडून गेलं होतं म्हणून. त्या रात्री त्यांची पाळी नसती तर मला तो कळला नसता. अशा योगायोगावर माणसाचा जीव राहू नये असं मला फार वाटतं.

पहिल्या बुधवारी मी गेलो आणि परत आलो. नगरपालिकेच्या शाळेचा पहिला मजला. वर्गाबाहेर चपलांची ओळ होती आणि आतून हसण्याचा आवाज आला. दारू सोडलेली माणसं हसतात यावर माझा विश्वास बसेना. वाटलं, चुकीच्या ठिकाणी आलो, किंवा ही माणसं आपल्यालाच हसतील. जिना उतरलो आणि सरळ दुकानात गेलो. शनिवारी बायको बरोबर आली. मी जिन्यातच उभा राहिलो. तेवढ्यात आतला एक जण पाण्याची बाटली भरायला बाहेर आला. त्यानं माझ्याकडे बघितलं, नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही. “आत बसा, चहा येतोय,” एवढंच म्हणाला.

तो पहिलीचा वर्ग होता. भिंतीवर अननस, आगगाडी, इमारत. बाकं इतकी बुटकी की गुडघे छातीला लागायचे. चौदा-पंधरा माणसं होती. एकेक उठायचा, आपलं पहिलं नाव सांगायचा, मी मद्यपी आहे म्हणायचा आणि स्वतःबद्दल चार-पाच मिनिटं बोलायचा. मध्ये कुणी बोलत नव्हतं, सल्ला देत नव्हतं. तिथं ऐकलेलं बाहेर सांगायचं नाही असा आमचा शब्द असतो, म्हणून कोण काय बोललं ते लिहीत नाही. माझं सांगतो. मी क्वार्टर विहिरीवरच्या मोटरच्या पेटीत लपवायचो. पाऊस असला तरी रात्री दोनला ‘मोटर बघून येतो’ म्हणून जायचो. मला वाटायचं, असला खोटेपणा करणारा जगात मी एकटाच. त्या दीड तासात कळलं की तिथल्या प्रत्येकाची एकेक मोटरची पेटी होती. मला रडू आलं, आणि कुणीही ‘रडू नका’ म्हणालं नाही.

सातव्या आठवड्यात गावची यात्रा आली आणि मी पुन्हा प्यायलो, दोन दिवस. बुधवारी हात कापत होते तरी गेलो, कारण जायला जागा होती. कुणी कपाळाला आठी घातली नाही. “बरं झालं आलात,” म्हणाले. त्यानंतर आजवर प्यायलो नाही. आमच्यात म्हणतात तसं, फक्त आजचा दिवस.

सभेबद्दल पेशंटला सांगताना तुम्हाला एवढं माहीत असलं तरी पुष्कळ आहे. फी नसते. रजिस्टर नसतं, आधार कार्ड मागत नाहीत, पूर्ण नाव विचारत नाहीत. येण्यासाठी अट एकच: दारू सोडायची इच्छा. शेवटी एक पिशवी फिरते, ज्याला जमेल तो दहा-वीस रुपये टाकतो, आणि त्यातूनच चहा आणि भाडं भागतं. बाहेरची देणगी घ्यायचीच नाही असा नियम आहे. खुल्या सभेला नातेवाईक, डॉक्टर, कुणीही येऊ शकतं. बंद सभा फक्त मद्यपींसाठी. तुमच्यापैकी एकानं तरी एकदा खुल्या सभेला येऊन बसावं अशी माझी मनापासून विनंती आहे. स्वतः बघितलेल्या जागेचा पत्ता वेगळ्या आवाजात सांगितला जातो आणि पेशंटला तो आवाज ओळखू येतो.

हे सगळं सुरू कसं झालं ते तुम्हाला सांगायलाच हवं, कारण त्यात तुमचीच माणसं आहेत. १९३५ सालच्या मे महिन्यात न्यूयॉर्कचा एक शेअर दलाल कामासाठी अमेरिकेतल्या अक्रन गावी गेला होता. व्यवहार फसला. हॉटेलच्या दालनात एका बाजूला बार होता. पाच महिने तो प्यायला नव्हता आणि आता पिणार हे त्याला कळत होतं. त्यानं टेलिफोन उचलला आणि चर्चच्या यादीतले क्रमांक फिरवत विचारत सुटला, मला दुसऱ्या एखाद्या दारुड्याशी बोलायचंय, कुणी आहे का. त्यातून ज्याची गाठ पडली तो शल्यचिकित्सक होता, डॉक्टर बॉब. १० जून १९३५ ला डॉक्टर बॉबनं शेवटचा घोट घेतला आणि तोच एएचा जन्मदिवस मानतात. म्हणजे आरंभच असा झाला: एक माणूस पत्ता शोधत होता आणि फोनच्या पलीकडच्या एका बाईनं त्याला तो दिला.

पुढचा भाग मला त्याहून महत्त्वाचा वाटतो. अक्रनच्याच सेंट थॉमस रुग्णालयात रुग्णभरतीच्या टेबलावर सिस्टर इग्नेशिया नावाच्या ख्रिस्ती जोगीण (नन) बसत. दारुड्याला तेव्हा बहुतेक रुग्णालयं घेत नसत. १९३९ मध्ये त्यांनी आणि डॉक्टर बॉबनी अशा एका माणसाला ‘जठराचा तीव्र दाह’ असं निदान लिहून दाखल करून घेतलं. माझ्याही एका कार्डावर ‘पोटदुखी’ लिहिलंय, कारखान्यात रजेला अडचण नको म्हणून. वाचलं तेव्हा मला ती बाई आपल्या घरातली वाटली. डॉक्टर बॉब १९५० साली वारले, तोवर त्या दोघांच्या हाताखालून पाच हजारांच्या आसपास मद्यपी गेले. दारू सोडलेले जुने पेशंट रोज वॉर्डात येऊन नव्या पेशंटच्या उशाशी बसत. घरी जाताना सिस्टर प्रत्येकाच्या हातात एक छोटंसं पवित्र चिन्ह ठेवायच्या आणि सांगायच्या, पुन्हा पिशील तर त्याआधी हे मला परत आणून दे. त्यांच्या पेशंटला डिस्चार्ज होताना कागदाबरोबर एक ओळखीचं माणूस मिळत होतं.

‘पण याचा उपयोग होतो याला पुरावा काय,’ असं मला एका तरुण डॉक्टरांनी विचारलं होतं. रास्त प्रश्न आहे. २०२० साली कॉक्रेन या वैद्यकीय संशोधन तपासणाऱ्या संस्थेनं २७ अभ्यासांचा, १०,५६५ लोकांचा आढावा घेतला. पेशंटला एएशी पद्धतशीर जोडून देणारे उपचार संपूर्ण दारूमुक्त राहण्याच्या बाबतीत इतर मान्य उपचारांपेक्षा सरस ठरले. यातला ‘जोडून देणारे’ हा शब्द तुम्ही लक्षात घ्यावा. ‘जमलं तर जा कुठेतरी’ म्हणणं आणि वार, वेळ, जागा लिहून देऊन, तिथल्या माणसाशी गाठ घालून देणं, यांत फार फरक आहे. हा फरक मी अंगावर भोगलाय.

म्हणून विनंती. औषधांच्या खाली लिहा: ‘सभा: बुधवार आणि शनिवार, संध्याकाळी ७ ते ८.३०, अमुक शाळा, पहिला मजला. फी नाही.’ तुमच्या गावाची जी असेल ती. वाचून दाखवा, कारण कार्ड घरी जाऊन पाकिटात पडतं. पत्ते मिळवणं अवघड नाही. भारतात एएच्या सभा १९५७ पासून होताहेत आणि मुंबईत तर त्या पुष्कळ आहेत. गावोगावच्या सभांची यादी एएच्या भारतातल्या संकेतस्थळावर असते. पुण्याचं मुक्तांगण १९८६ पासून आणि मुंबईची कृपा फाउंडेशन १९८१ पासून व्यसनमुक्तीचं काम करतात. त्यांच्याकडेही चौकशी करता येते. जवळपास काहीच सापडलं नाही तर निदान १४४४६ हा केंद्र सरकारचा व्यसनमुक्तीचा टोल-फ्री क्रमांक आणि १४४१६ हा टेली मानसचा, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्याच्या फोनसेवेचा, क्रमांक लिहा. फक्त पत्ता दर दोन-तीन महिन्यांनी तपासा. आम्ही शाळेत बसतो, आणि परीक्षा आल्या, निवडणुकीचं केंद्र पडलं की जागा बदलते. बंद वर्गासमोर उभा राहिलेला नवा माणूस बहुतेक पुन्हा येत नाही.

आणखी एक. पेशंट हो म्हणाला तर, आणि तो हो म्हणाला तरच, आमच्यापैकी एकाला खाटेपाशी येऊ द्या. आम्ही वेळेत येऊ, पैसे घेणार नाही, औषधाबद्दल एक शब्द बोलणार नाही. हे आमच्यावर उपकार केल्यासारखंच आहे, कारण दुसऱ्याच्या उशाशी बसल्यानं आमची स्वतःची दारूमुक्ती शाबूत राहते.

घरच्यांनाही विचारा. माझी बायको पहिले कित्येक आठवडे त्या शाळेच्या पायरीवर बसून राहायची. ती किती थकलीय हे तीन डिस्चार्जमध्ये कुणी विचारलं नव्हतं. रोज रात्री माझ्या तोंडाचा वास घेणं, खिसे तपासणं, सासूला खोटं सांगणं. तिनं एकदा कुणाच्या तरी सांगण्यावरून, डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय, आमटीतून दारू सोडवायच्या गोळ्या चारल्या. मी वर प्यायलो आणि छाती फुटेल असं वाटलं. तिचा काय दोष, तिला दुसरं काही कुणी सांगितलंच नव्हतं. तिला हे तुम्ही आधी सांगायला हवं होतं. पिणाऱ्याच्या घरच्यांसाठी अल-अनॉन १९५१ पासून आहे, तिथं बायका, आया, मुलं आपलं बोलतात. आमच्या तालुक्यात ते नव्हतं. मग माझी बायको आणि आणखी दोघी शेजारच्या दुसरीच्या वर्गात बसायला लागल्या. आज अकरा जणी असतात.

पिणाऱ्या बायकाही तुमच्याकडे येतात, हे मला माहीत आहे. चौदा पुरुषांच्या वर्गात ती बाई एकटी येणार नाही. तिला फक्त स्त्रियांची सभा, ऑनलाइन सभा किंवा निदान एका स्त्री सभासदाचा फोन मिळवून द्या. २०२० नंतर ऑनलाइन सभा वाढल्यात, त्यात मराठीतल्याही आहेत. ज्यांना देवाचं नाव नको असतं त्यांनाही सांगा की आमच्या बारा पायऱ्यांत, म्हणजे दारू सोडून जगायच्या एएच्या वाटेत, ईश्वर आहे तो ज्याला जसा उमगला तसा. आमच्या गटात देव न मानणारे दोघे आहेत आणि वर्गाची किल्ली त्यांच्यातल्याच एकाकडे असते.

जागेचंही बोलतो. तुमची ओपीडी संध्याकाळी रिकामी असते. आठवड्यातून दीड तास एक खोली द्या. आम्ही भाडं देऊ, झाडून जाऊ. वाडीवस्तीवरच्या माणसाला साडेआठला सुटल्यावर शेवटची एसटी मिळत नाही, म्हणून ग्रामीण रुग्णालयातली सहा वाजताची सभा त्याला फार सोयीची पडेल. आणि वॉर्डातला पेशंट सलाईन काढल्यावर चालत येऊन बसू शकेल. त्याला ती चपलांची ओळ आणि आतलं हसणं आधीच ओळखीचं झालेलं असेल.

डिस्चार्ज साधारण दुपारी बाराच्या सुमाराला होतो. सभा सातला. मधले सात तास, ती चार दुकानं आणि स्टँडपर्यंतचा रस्ता. सकाळच्या राउंडला घरी सोडायचं ठरलं आणि पेशंटची हरकत नसली, की सिस्टरना आम्हाला एक फोन करायला सांगा. बाराला आमच्यातला एक जण फाटकाशी उभा असेल. तो त्याच्याबरोबर जेवेल, स्टँडवर बसेल आणि सातला जिना चढून वर घेऊन जाईल.

आपला,
सभेतला एक जण
सांगली जिल्हा